चौथा सिलिंडर गप्प होता

दिनांक चार ऑक्टोबर, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. माझ्या चार सिलिंडरांपैकी त्या वेळी तीनच चालत होते.

मित्रांनो, मी एक जुना पिकअप ट्रक आहे. गॅसवर चालतो. कोरियातल्या गांगवॉनच्या डोंगरात, जिथे उतारच्या उतार कोबीने भरलेले असतात, तिथे माझे आयुष्य गेले. चान-शिक यांनी मला नवा आणला, तेव्हा त्यांची पत्नी ओक-नान हिने माझ्या चारही चाकांवर तांदळाची दारू शिंपडली, मला वाकून नमस्कार केला आणि पांढऱ्या दोऱ्याने गुंडाळलेला एक सुका मासा माझ्या बॉनेटखाली टांगला. इकडे नव्या गाडीला अपघातापासून राखायला असा मासा बांधतात. वर्षे गेली, मासा वाळून लाकूड झाला. त्याला वास उरला नाही आणि कोणाला त्याची आठवणही उरली नाही.

या शरद ऋतूत त्यांची मुलगी हे-रिन बाळंतपणाला माहेरी आली. नववा महिना लागला होता. घाट उतरून इस्पितळात नेणारे वाहन घरात एकच होते, ते म्हणजे मी. ओक-नान काळजीत पडली. "एवढा जुना मासा आता काय राखण करणार?" असे म्हणत तिने जुना मासा काढून नवा, चांगला जाडजूड मासा बांधला.

त्याच रात्री वासाच्या मागावर एक उंदरीण माझ्या पोटात शिरली.

आधी तिने मासा कुरतडला, मग दात शिवशिवले म्हणून चौथ्या सिलिंडरच्या वायरचे आवरण आणि शेवटी गॅसची रबरी नळी. मला सगळे कळत होते. पण यंत्राला ओरडता येत नाही. त्याला फक्त अडखळता येते. चार ऑक्टोबरच्या त्या सकाळपासून मी अडखळू लागलो.

"म्हातारा खोकतोय. याचं काही खरं नाही," चान-शिक म्हणाले.

"तुम्हीही खोकता," ओक-नान म्हणाली. "तुम्हाला टाकलं का मी भंगारात?"

चान-शिक यांनी प्लग बदलले, हवेची जाळी बदलली. मी दुपारी सुरळीत चालत असे आणि पहाटे पुन्हा थरथरत असे. अखेर त्यांनी खालच्या गावच्या गू मिस्त्रींना फोन केला.

"धुक्यात अडखळतो आणि उन्हात सुधारतो?" मिस्त्री म्हणाले. "मग दादा, गॅसला दोष देऊ नका. ओल धरली की कुठंतरी वीज गळतेय. ती ठिणगी दिसायला अंधार पाहिजे. आज त्याला तुमच्या काळ्या प्लास्टिकच्या शेडमध्ये ठेवा, पडदे पाडून. सकाळी बघतो."

निदान अचूक होते आणि पद्धतही बरोबर होती. म्हणूनच मला अधिक भीती वाटली.

मित्रांनो, माझा गॅस हवेपेक्षा जड असतो. रात्रभर तो नळीच्या बारीक चिरेतून पाझरत राहिला आणि बंद शेडच्या जमिनीवर पाण्यासारखा साचत गेला. त्याला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात वास मिसळतात. तो कुजक्या कोबीसारखा असतो. आणि आमच्या गावात कुजक्या कोबीचा वास कोणाच्या नाकाला टोचणार?

सकाळी मिस्त्री आले. त्यांच्यामागे पडदा पडला आणि काळोख झाला. बॉनेट उघडले गेले. हे-रिन पोट सांभाळत केबिनमध्ये बसली.

"मी 'हं' म्हटलं की किल्ली फिरव," मिस्त्री म्हणाले.

"काका, एक-दोन-तीन म्हणा. 'हं' तर तुम्ही जेवतानाही म्हणता."

चान-शिक हसले. मिस्त्री वायरींवर वाकले. हे-रिनची बोटे किल्लीला लागली. चौथी वायर उघडी पडली होती आणि खाली गॅस वाट पाहत होता.

"एक," मिस्त्री म्हणाले आणि थांबून त्यांनी नाक मुरडले. "वहिनी, हौद्यात कोबी कुजवून ठेवलाय का? नाक धरून काम करू होय मी?"

"कोबी?" पडद्यापाशी उभी असलेली ओक-नान चिडली. "काल माझ्या हातानं हौदा घासून धुतलाय. एक पान दाखवा मागे."

मिस्त्रींनी पुन्हा एकदा वास घेतला.

"हे-रिन," मिस्त्री अगदी हळू म्हणाले, "किल्लीवरचा हात काढ."

"का? दोन-तीन राहिले की."

"हात काढ, पोरी. कसलंही बटण दाबू नकोस, दार आपटू नकोस. सावकाश उतर आणि बाहेर चालू लाग."

ती उतरली. चान-शिक यांनी दोन्ही बाजूंचे पडदे वर केले, मिस्त्रींनी टाकीची चावी बंद केली. वारा शेडमधून आरपार वाहू लागला तरी ते बराच वेळ बाहेरच थांबले. मग सर्वांनी मिळून मला हाताने ढकलत उजेडात आणले.

माशाचे शेपूट तेवढे शिल्लक होते. इंजिनामागे, सहज नजर न जाणाऱ्या सांदीत, पांढऱ्या दोऱ्याचे घरटे झाले होते आणि त्यात उंदराची गुलाबी पिल्ले वळवळत होती. उघडी वायर आणि चिरलेली नळी यांत वीतभरही अंतर नव्हते.

ओक-नान माझ्या चाकापाशी खाली बसली. "मीच टांगला तो. पोरीचं सुखरूप व्हावं म्हणून."

टोमणा मारायची एकही संधी न सोडणारे चान-शिक तिच्याशेजारी बसले. "पुढचा मासा घराच्या चौकटीवर टांग," ते म्हणाले. "तिथं मांजर बसतं."

मिस्त्रींनी वायरी आणि नळी बदलली, प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावले आणि एकही बुडबुडा येत नाही हे पाहूनच हात पुसले.

मित्रांनो, आम्ही यंत्रे उगाच अडखळत नाही. आमच्या सुरक्षिततेसाठी जे बांधाल, त्याकडे नंतरही लक्ष असू द्या. अधूनमधून बॉनेट उघडून आत डोकावत जा. आणि एखादा वास कितीही ओळखीचा असला, तरी तो आज का येतो आहे, हे एकदा विचारत जा.

पुढच्याच आठवड्यात, दाट धुक्यात, मी घाट उतरलो. चारही सिलिंडर चालत होते. जाताना माझ्या केबिनमध्ये माणसे तीन होती. येताना चार.