छातीची गोळी

"भाभी, डोमनभाऊच्या गोळीनं माह्यं डोकं अगदी हलकं झालं जी!"

शेजारचा बकाराम शेताच्या धुऱ्यावरून म्हणाला, तशी बांधीतल्या चिखलात वाकून धान रोवणारी ओमेश्वरी ताठ झाली.

"कोनती गोळी?"

"पिरेशरची. उन्हाळ्यापासून भाऊच देऊन राहिले."

ओमेश्वरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा, डोमनलाल, पलीकडे उभा राहून रोवणाऱ्या बायांना पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, पेंड्या फेकत होता.

"काऊन जी, कर्णाचे अवतार! सोताच्या गोळ्या गावाले वाटून राहिले?"

"कायले बोंबलून राहिली? मले साखर हाये, साखरेची गोळी खातो. थे दुसरी छातीची हाये, आन माही छाती तं ठणठणीत हाये. त्याचं डोकं दुखे, देल्ली."

"साखर का पाहुनी हाये, एका खोलीत राहाले? पुरा घर फिरते थे! अर्जुनीच्या डाक्टरनं घसा फोडून सांगतलं, छाती आन डोकं सांभाळाची हाये थे गोळी!"

डोमनलाल हसला. मागेल त्याला देई, म्हणून गाव त्याला भला माणूस म्हणे. त्या भलेपणाची ओमेश्वरीला चीड आली.

त्यानं पुढची पेंडी उचलली. ती हातातून गळली. पुन्हा उचलली, पुन्हा गळली. बोलायला गेला, तर तोंड एका बाजूला ओढलं गेलं.

"हवा लागली, लकवा!" बकाराम ओरडला. "कबुतर आना, त्याचं रगत चोळा लागते!"

"आग लागो तुह्या कबुतराले! त्याहीच्या गोळ्या तुह्या पोटात हायेत. काढ फटफटी!"

फटफटीवर पुढे बकाराम, मध्ये डोमनलाल, त्याला मागून आवळून धरलेली ओमेश्वरी. दवाखाना येईपर्यंत ती दोघांनाही शिव्या देत होती आणि रडत होती. वेळेवर आणला म्हणून माणूस वाचला.

बोलणं परतलं, चालणं परतलं. उजव्या हाताची बोटं मात्र नीट वळेनात. गावाला गोळ्या वाटणाऱ्या त्या हाताला आता पाकिटातली एक गोळी फोडता येत नव्हती. ओमेश्वरीच रोज फोडून देई, "आ करा!" म्हणून दरडावी आणि गिळेपर्यंत समोरून हलत नसे. तिचा राग अजून उतरला नव्हता.

धान निसवायला आला, लोंब्या दिसू लागल्या, तेव्हा बकाराम अंगणात येऊन उभा राहिला.

"डोमनभाऊ, डोकं लय दुखून राहिलं जी. एखादी..."

ओमेश्वरी चुलीपुढून उठलीच. पण तिला तोंड उघडावं लागलं नाही. डोमनलालनं त्याच लुळ्या हातानं, धडपडत, पाकीट मांडीखाली सारलं.

"दवाखान्यात जाय, बकाराम," तो म्हणाला. "हे माही हाये."