सावलीचं झाड

अर्पितने झाडांचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, 'मम्मी, तू निवड.' वाचून मी हरखूनच गेले. नाहीतर त्या घरात माझ्या मताला विचारतं कोण? सूनबाईंनी, आमच्या पलकने, सोफा घेतला, पडदे घेतले, एका शब्दाने विचारलं नाही. पण झाड मी निवडायचं. म्हणजे तिथे माझीही एक जागा झाली म्हणायची.

त्यांचं घर कॅनडात, कॅल्गरीला. थंडी अशी मरणाची की तिथे टिकतील अशी दोनच रोपं त्याला मिळाली होती. एक स्प्रूस, बारा महिने हिरवा, उंच वाढणारा. दुसरं लायलॅक, जांभळ्या फुलांचं झुडूप.

मी जळगावात, दारातल्या निंबाखाली खाटेवर बसले होते. मे महिना. सकाळीच भिंतीला हात लावला तर चटका बसत होता. झुडपाखाली काय मांजर बसेल? मी व्हिडिओ कॉल लावला आणि ठणकावून सांगितलं, "स्प्रूस लाव. जिथून ऊन आत येतं ना, त्याच खिडकीसमोर. आणि खाली खाट मावेल एवढी जागा सोड."

खाट कोणासाठी, ते मी बोलले नाही. एवढं त्याला कळायला नको का?

अर्पित हसला. "मम्मी, इथे सावली कोणाला पाहिजे? सहा सहा महिने बर्फ असतो. त्या खिडकीतून ऊन येतं म्हणून तर हे घर घेतलं. आणि स्प्रूसच्या फांद्या पार जमिनीला टेकतात. खाट कुठली मावते?"

घ्या. माझा सगळा जन्म उन्हाला शिव्या देण्यात गेला. कोणी ऊन बघून घर घेत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. हसूही आलं आणि रागही आला.

"मग लाव तुझं झुडूप," मी म्हटलं. "फुलतं कधी?"

"जूनमध्ये. वास असा येतो म्हणे, घरभर."

जून. म्हणजे चौमासा लागायच्या आधी. चौमाशाचे चार महिने व्रत म्हणून मी गाव सोडत नाही, हे त्याला ठाऊक आहे. पासपोर्ट काढून ठेवलाय, तेही ठाऊक आहे. आता म्हणेल 'ये', आता म्हणेल, म्हणून मी फोन आणखी जवळ धरला.

"फुललं की व्हिडिओवर दाखवतो तुला," तो म्हणाला.

'ये' काही म्हणाला नाही. पण "दाखव," म्हटलं आणि फोन ठेवला.

तोवर निंबाची सावली सरकली होती. मी उठले, एकटीनेच खाट ओढली आणि परत सावलीत बसले.