चाकू मिटल्याचा आवाज

माझ्याकडे घडीचे जुने चाकू सत्तेचाळीस आहेत आणि आमच्या स्वयंपाकघरात टोमॅटो नीट कापेल अशी सुरी एकही नाही. हे वाक्य माझं नाही, बायकोचं. पाहुण्यांना ती पाण्याच्या ग्लासाबरोबर हेही देते.

धंद्याने मी चष्मेवाला. आठवडाभर लोकांच्या काचा घासायच्या आणि सुट्टीच्या दिवशी भंगारवाल्याकडे बसून गंजके चाकू उघडून बघायचे. लोकांना वाटतं मला धारेचं वेड आहे. धार गेली खड्ड्यात! चाकू कुणाचा होता, हे मला हवं असतं. पातं उघडायची खाच कुठल्या हाताच्या नखाने झिजली, टोक कशाने मोडलं. सगळ्यात बोलकी असते ती पातं मिटून बसतं ती फट. तिथला मळ मी टाचणीने काढतो, कागदाच्या पुडीत बांधतो आणि वर अंदाज लिहितो. ‘तंबाखू.’ ‘मेण, मोची असावा.’ ‘माशाचे खवले.’ मग चाकू आठवडाभर रॉकेलमध्ये बुडवायचा, बिजागरीत तेल सोडायचं, की बोट लावताच उघडतो.

या सगळ्यांत माझा जीव एकावर. काळ्या शिंगाची मूठ, दोन पाती, एकही तडा नाही. त्याचं नाव मी राजा ठेवलं होतं. त्याच्या फटीतून पांढरी, खरखरीत भुकटी निघाली होती. पुडीवर मी लिहिलं, ‘खडू? मास्तर? पीठ?’ दोन वर्षं झाली तरी प्रश्नचिन्हं तशीच होती, आणि ती मला दाताखाली आलेल्या खड्यासारखी सलत होती.

परवा सकाळी दारात एक बाई उभ्या. सत्तरीच्या पुढच्या, हातात पांढरी काठी.

“चाकूवाले चष्मेवाले तुम्हीच ना? भंगारवाल्याने पत्ता दिला.”

मी त्यांना खुर्चीवर बसवलं. टेलिफोन खात्यात त्यांनी पस्तीस वर्षं नोकरी केलेली. आता नजर पूर्ण गेलेली. थोरला भाऊ वारला तेव्हा पुतण्याने घर रिकामं करताना सगळं भंगारात दिलं, त्यात भावाचा चाकूही गेला.

“कसा होता दिसायला?” मी विचारलं.

“दिसायला कसा का असेना, मला काय उपयोग? दादाचे फोटो आहेत की ढीगभर. ते मी आता बघू शकत नाही. तो विचार करत बसला की चाकू उघडायचा, मिटायचा. तो आवाज मात्र मी हजारांत ओळखेन. तुम्ही मला तुमचे चाकू ऐकवा. बाकी काही मागत नाही.”

बायको पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. आता नाही म्हणायची सोय नव्हती.

मी खण उघडला. बाईंनी दिसत नसतानाही डोळे मिटून घेतले. मी एकेक चाकू उघडून मिटत गेलो. “नाही.” “नाही.” “हा तर डबीसारखा वाजतो.” एका चाकूवर त्या जरा थबकल्या, मग म्हणाल्या, “नाही, हा फार तरुण आहे.”

खरं सांगतो, राजाला वगळावं असं माझ्या मनात आलं. कारण तोही त्याच भंगारवाल्याकडचा. पण बायकोला चाकूंची संख्या तोंडपाठ. शेवटी घाईघाईत मी तोही उघडला, मिटला.

“नाही,” बाई म्हणाल्या. “हा फारच गुळगुळीत. पुढे?”

माझा जीव भांड्यात पडला. सत्तेचाळीस झाले. बाईंचा चेहरा उतरला आणि मला वाईट वाटलं, पण ते वाईट वाटणं जरा स्वस्तातलं होतं.

“चहा घेऊन जा,” म्हणत बायकोने त्यांना हाताला धरून आत नेलं. इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण जित्याची खोड. मी मागून विचारलं, “मावशी, दादा करायचे काय?”

“नावाच्या पाट्या कोरायचा, संगमरवराच्या. अक्षरांत अडकलेला चुरा त्याच चाकूने खरवडायचा. मेला चाकू किरकिरायचा नुसता! मी म्हणायची, तेल घाल. तो म्हणायचा, असू दे, सोबत होते.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी खोलीत एकटाच. समोर राजा, शेजारी पुडी. त्यांच्याच कानांनी नाही म्हटलं होतं, कुणी मला दोष दिला नसता. स्वच्छ करून, तेल घालून मीच त्याचा गळा बसवला होता, हे माझ्याशिवाय कुणालाच कळणार नव्हतं. पण तो संगमरवरच होता का? भुकटी परत घातली तर आवाज परत येईल का? मला राहवेना. मी चांगला माणूस आहे म्हणून नव्हे, मला राहवेना म्हणून. काचा पुसायच्या स्पिरिटने मी बिजागरीतलं तेल काढलं, पुडी सोडली आणि पांढरी भुकटी चिमटीने फटीत आणि खिळ्यापाशी सोडली. दोन वर्षं जपलेली वस्तू आपल्याच हाताने घालवायची म्हणजे काय, ते मला तेव्हा नीट कळत होतं.

उघडला. अर्ध्यावर खट् झालं, मग लांबलेली किर्र. मिटला. ठप्प.

आत कपबशी वाजत होती, ती थांबली.

“पुन्हा,” आतून आवाज आला.

मी पुन्हा केलं. बाई उठून आल्या. काठी स्वयंपाकघरातच राहिली होती. भिंतीला हात लावत त्या माझ्यापर्यंत पोचल्या आणि तळवा पुढे केला. मी चाकू मिटून त्यावर ठेवला. त्यांनी तो उघडला, मिटला, कानाशी नेऊन पुन्हा उघडला.

“किती उशीर केलास रे,” त्या म्हणाल्या.

मला त्या अरे-तुरे करत नव्हत्या, एवढं मला कळत होतं. पण उत्तर द्यायला तिथे दुसरं कुणी नव्हतं.

“हो,” मी म्हणालो. “झाला खरा.”