दुसरा हात

"रंग ही माणसाच्या हातातली सर्वांत मोठी सत्ता आहे," असं आबांनी जेवता जेवता जाहीर केलं. आबांनी जन्मभर लोकांची घरं रंगवली होती, तेव्हा या विषयात त्यांचा शब्द अखेरचा मानायला हरकत नव्हती. फक्त त्यांच्या स्वतःच्या बैठकीचा रंग आजीने ठरवला होता, आणि तो त्यांना बघवत नव्हता.

आबांच्या गुडघ्याने दगा दिल्यावर आजीने शिडी परस्पर शेजाऱ्यांना देऊन टाकली. तेव्हापासून आबा रिकाम्या हातांनी घरभर हिंडत आणि भिंतींना नावं ठेवत.

सूनबाई घरी बसून कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायची. नव्या खेळात एक करडी गल्ली होती. खेळणारा ज्या वस्तूला हात लावेल तिला रंग चढायचा. दुपारी तिचे साहेब व्हिडिओ कॉलवर तो खेळ बघणार होते. पसंत पडला तर काम तिच्याकडे राहणार, नाहीतर दुसऱ्या कुणाकडे जाणार.

"आबा, जरा खेळून बघता? बघून बघून माझी नजर मेलीय."

आबांनी दारावर बाण नेऊन माउस दाबला. दार निळं झालं. खरवडणं नाही, सामान हलवणं नाही, खाली वर्तमानपत्रं नाहीत. त्यांच्या अंगावर काटा आला.

"रंग येतो कुठनं गं?"

"येत नाही कुठनंच. खेळ चालू असतानाच मी लिहिलेली एक ओळ दाराला सांगते, तू आता निळं हो."

"आणि ते ऐकतं?"

"लगेच."

आबांनी स्वयंपाकघरातल्या आजीकडे एक नजर टाकली आणि पुढचं बोलणं गिळलं.

सूनबाई साडी बदलून आली तर गल्ली होती तशीच करडी.

"तुझा रंग टिकत नाही," आबा म्हणाले. "लावला की उडतो. खाली प्रायमर मारलायस का?"

तिने दाबलं, दार निळं झालं आणि निळंच राहिलं. शेजारचं दार आबांनी दाबलं. निळं होऊन पुन्हा करडं. साहेब यायला थोडाच वेळ उरला होता. तिने सगळा प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत वाचला, चूक सापडेना. शेवटी ती आबांचं बोट बघत बसली.

"आबा, तुम्ही दोनदा दाबताय."

"मग? रंगाचा दुसरा हात नको मारायला?"

"दुसऱ्यांदा दाबलं की रंग निघतो. चुकून लावला तर काढता यावा म्हणून ठेवलंय ते. यात एकाच हातात रंग पुरा चढतो."

अर्धीच दाढी करून लग्नाला जा म्हटल्यासारखं आबांनी तिच्याकडे पाहिलं. "एका हाताचं काम करून मी गिऱ्हाइकाला तोंड दाखवलेलं नाही."

सूनबाई हसली. मग हसता हसता थांबली आणि भराभर लिहू लागली. पहिल्या स्पर्शाला फिका रंग, दुसऱ्याला भरीव. काढायला वेगळं बटण.

साहेब पडद्याच्या कोपऱ्यात उगवले तेव्हा माउस आबांच्याच हातात होता. पहिल्या हाताला गल्ली नुसती उजळली, धुक्यातून वर येत असल्यासारखी. दुसऱ्या हाताला एकेक दार, एकेक खिडकी जागी झाली.

"आकाशालाही लागतो?" आबांनी हळूच विचारलं.

"लावा की."

जन्मभर त्यांचा ब्रश छपराच्या कडेशी येऊन थांबला होता. आता त्यांनी बाण छपराच्या वर नेला आणि दाबलं. "आता दुसरा हात," म्हणत पुन्हा दाबलं. फिकं आभाळ आतून भरत गेलं, खोल खोल निळं होत गेलं, आणि खोलीतल्या भिंतींवरही त्याचा उजेड पडला. आजी ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली ती तशीच.

साहेब म्हणाले, "हे काम तुमच्याकडेच राहू दे. आणि तो दुसरा हात काढू नका."

आबा अजून आकाशाकडेच बघत होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "चष्मा पुसायचं फडकं दे गं तेवढं. वर डावीकडे जरा रंग सुटल्यासारखा वाटतोय."