मामांची डोळेतपासणी

बस डेपोच्या दवाखान्यात ती डोळे तपासायची. वर्षातून एकदा प्रत्येक ड्रायव्हर तिच्यासमोर बसून भिंतीवरचा तक्ता वाचायचा आणि तिची सही झाली तरच त्याच्या हाती स्टिअरिंग राहायचं. सकाळी खोली उघडली की हात जोडून ती एवढंच म्हणायची, "देवा, माझ्या हातून खोटं काही होऊ देऊ नकोस." ही सवय तिला मामांनी लावली होती. आईवडील गेल्यावर त्यांनीच तिला वाढवलं.

एका सोमवारी खुर्चीत मामाच येऊन बसले. तीस वर्षं बस चालवलेला माणूस, निवृत्तीला सहा महिने उरलेले. एक डोळा झाकून त्यांनी तक्ता असा घडाघडा म्हटला, की शाळेतली कविताही कुणी इतकी चोख म्हणत नाही.

"मामा, तक्ता शनिवारीच बदललाय," ती म्हणाली.

मामांचा हात हळूच खाली आला. "बदललास होय? तुझ्या मामीनं आठ दिवस घोकून घेतला गं माझ्याकडून."

तिला हसू आवरेना. मामाही हसले. मग हळू आवाजात म्हणाले, "सहाच महिने राहिलेत. रस्ता मला झोपेतही पाठ आहे. कर सही, बाळा."

दारातून डेपोचे साहेब म्हणाले, "करून टाका हो. घरचंच माणूस आहे."

तिने पेन उचललं. याच माणसाच्या खांद्यावर बसून ती शाळेत गेली होती. पेनाचं टोक कागदाला टेकलं, तिथे निळा ठिपका उमटला आणि हात पुढे सरकेना.

"मामा, सही करते. पण उद्या सकाळी देवाला काय म्हणू, तेवढं सांगा. रोजचं वाक्य तुम्हीच शिकवलंय, आता तुम्हीच बदलून द्या."

मामांनी तक्त्याकडे पाहिलं. त्यांना तो दिसत नव्हताच.

"ते मला जमायचं नाही," म्हणत ते उठले आणि थेट साहेबांपुढे जाऊन उभे राहिले. "साहेब, मला नीट दिसत नाही. आजपासून गाडी दुसऱ्याला द्या."

मामी मात्र भडकली. आपण भाचीशी बोलत नाही, हे सांगायला ती भाचीलाच दिवसातून दोनदा फोन करायची.

तपासणीत मामांना मोतीबिंदू निघाला. ऑपरेशननंतर पट्टी सुटली तेव्हा मामांनी पहिल्यांदा मामीकडे पाहिलं आणि विचारलं, "तू कधी म्हातारी झालीस?" त्यानंतर मामीचा राग सगळा मामांकडे वळला आणि भाची सुटली.

दीड महिन्याने डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला आणि मामा पुन्हा खुर्चीत बसले. या खेपेला अडखळत, एकेक अक्षर बघून वाचलं. शेवटच्या ओळीत थांबले. "हा घ की ध? खरं सांगतो, कळत नाही."

"तेवढं चालतं," म्हणत तिने सही ठोकली.

पहिल्या फेरीहून परतल्यावर मामा चहाचा कप घेऊन तिच्या खोलीत आले. "शाळेजवळच्या वळणावर 'मुलं आहेत, गाडी हळू चालवा' अशी मोठी पाटी आहे गं. किती दिवस आहे, विचारलं, तर कंडक्टर म्हणतो, दोन वर्षं." सांगता सांगता ते हसत होते. मध्येच थांबले. चहा तसाच टेबलावर ठेवून ते पुढच्या फेरीला निघाले.