काढलेला फुगा

मित्रांनो, ज्यांच्या पोटात मी राहते ते सलूनवाले काका परवापरवापर्यंत दिवसभर गिऱ्हाइकांना सांगत असायचे की मी आता नाही. "डॉक्टरांनी फुगा काढला. विषय संपला!" असे म्हणत ते वस्तरा पुसायचे. मी ऐकत असायची. त्यांच्या महाधमनीचा पोटातला भाग म्हणजे मी. हृदयाकडून आलेले रक्त पायांकडे पाठवणे हे माझे काम होते. आणि मी कुठेही गेले नव्हते.

तरुणपणी मी सरळ आणि लवचिक होते. काका उभ्याउभ्या दाढ्या करायचे आणि मी त्यांचे पाय चालते ठेवायची. माझे कौतुक मात्र कुणी केले नाही. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये एक सिगारेट, हा काकांचा नेम. त्या धुराने माझी भिंत सैल पडली आणि एके ठिकाणी मी फुगू लागले. दुखत काहीच नव्हते, त्यामुळे त्यांना पत्ताच नव्हता. दुसऱ्याच कारणाने पोटाची सोनोग्राफी झाली तेव्हा ते कळले, आणि डॉक्टर म्हणाले, "हा फुगा फुटला तर जीव वाचणं कठीण."

मग एके सकाळी ऑपरेशनच्या टेबलावर जांघेतल्या धमनीतून एक कापडी नळी वर सरकत आली. ती माझ्या आत उघडली. वरच्या टोकाचे बारीक आकडे तिने माझ्यात रुतवले आणि माझे जुने वळण ताणून सरळ केले. आयुष्यभर मला भिडत आलेले रक्त आता तिच्यातून जाऊ लागले. त्याची चाहूल लागायची, पण ते माझ्यापर्यंत येत नव्हते. माझ्या वाट्याला उरले थिजलेले, काळे रक्त. मित्रांनो, आपल्याच घरात भूत होऊन राहणे काय असते, ते मला तेव्हा कळले.

बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले होते, "फुगा बंद केला." जीव भांड्यात पडलेल्या काकूंनी 'काढला' ऐकले, आणि काकांनी तेच गावभर केले. तपासणीची आठवण करून देणारा फोन आला की ते म्हणायचे, "जे नाहीच, त्याची तपासणी कसली?"

सुरुवातीला मी आक्रसत गेले. मग माझ्या पाठीकडच्या एका बारीक फांदीतून रक्त उलटे आत झिरपू लागले. मी पुन्हा भरू लागले. आकडे रुतलेले वरचे तोंडही रुंदावत चालले आणि नळीची पकड सैल होऊ लागली. मला काकांना हाक मारायची होती, पण मला आवाज कुठला! ते खदखदून हसले की माझी भिंत ताणली जायची. मला त्यांच्या हसण्याचीच भीती वाटू लागली.

एकदा शेजारचे टेलरमास्तर दाढीला बसले होते.

"काढला म्हणतोस, पण कुठून काढला?" त्यांनी विचारले. "तुझ्या पोटावर तर एक टाका नाही!"

"जांघेतून."

"एवढा मोठा फुगा, बोटभर चिरेतून? अरे, मला अस्तर काढायचं तरी अख्खी शिवण उसवावी लागते!"

"तू आपले कपडे शिव," काका हसले.

डबा घेऊन दारात उभ्या असलेल्या काकू मात्र हसल्या नाहीत. "उद्या दुकान बंद," त्या म्हणाल्या. "आपण विचारून येऊ."

"काढला?" दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर चमकले. "मी 'बंद केला' म्हणालो होतो. तो आतच आहे."

तपासणीनंतर पडद्यावर मी दिसले, पहिल्यापेक्षा मोठी. काकूंनी काकांचा हात घट्ट धरला. लगेच दाखल करून डॉक्टरांनी त्या फांदीत तारेची बारीक वेटोळी घातली आणि ती वाट बुजवली. वरच्या तोंडावर मात्र कायम नजर ठेवावी लागणार आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी बरे होऊन आले असेल, तर डॉक्टर नेमके काय म्हणाले ते पुन्हा एकदा विचारा. पुढच्या तपासण्या टाळू देऊ नका. आमच्यासारख्यांना बोलता येत नाही हो.

आता कुणी विचारले, "काय, फुगा काढला ना?" तर काकांचा वस्तरा थांबतो.

"नाही हो. बंद आहे, पण आहे," ते म्हणतात, आणि पोटावर हात ठेवतात.

त्या हाताखाली मी शक्य तितकी शांत राहते.