टॉवर चौकातली खाट

टॉवर चौकातली गटारं माझ्या आजेसासऱ्यांच्या वेळची. ती बदलायला हवीच होती. मागच्या पावसाळ्यात घाण पाणी माझ्या गाठियाच्या कढईपर्यंत आलं होतं. नवे पाइप, रुंद फुटपाथ, बसायला बाकं, सगळं मला पाहिजे होतं. नको होता तो फक्त लोखंडी कठडा. दुकानासमोरून तो सलग गेला, की स्कूटर लावून आलेल्या गिऱ्हाइकाला बँकेच्या कोपऱ्यावरून वळसा. वाटेत गाठियाची आणखी दोन दुकानं. माझ्यापर्यंत कोण मरायला येतंय?

लोकांच्या अशा हरकती ऐकायला महापालिकेनं सभा ठेवली होती. कधी, तर दुपारी अडीचला! काठियावाडात एक ते चार कुत्रंसुद्धा जागं नसतं, आणि या शहाण्यांनी नेमकी तीच वेळ काढली. मी भाचीच्या लग्नाला गोंडलला गेले होते. आमच्या ह्यांना बजावून गेले होते, की काही झालं तरी जा. परत आले तर म्हणाले, जरा पाठ टेकली होती. अख्ख्या बाजारानं टेकली होती म्हणे.

तशीच देसाईसाहेबांकडे गेले. ते महापालिकेचे इंजिनियर, सुरतचे. कोणी आलं नाही म्हणजे कोणाची हरकत नाही, असं त्यांचं गणित. मी म्हटलं, साहेब, त्या वेळी इथे माणूस जागा नसतो.

“मग काय, तुम्ही झोपा काढायच्या आणि आम्ही काम थांबवायचं?”

डोकं असं तापलं, की विचारू नका.

कठडा बसवायला मुकादम मलसिंग आला, तोही भर दुपारी. त्या वेळी कोणी आडवं येत नाही, हे त्याला माहीत. सकाळी सगळे शेजारी छाती ठोकून म्हणाले होते, रंभाबेन, हाक मारा, आम्ही आहोतच. एक वाजता सगळी शटरं खाली. आमचे हे आत घोरत होते, ते रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं.

शेवटी मीच खाट ओढत बाहेर आणली, दुकानासमोर फुटपाथच्या कडेला आडवी टाकली आणि बसले.

“बा, उठा ना,” आईला हाक मारावी तसं मलसिंग म्हणाला.

“नाही उठत. काय करायचं ते कर.”

तो बिचारा बँकेच्या बाजूनं काम करायला गेला. मी पहाटेपासून कढईसमोर उभी होते. वर ते ऊन. मेला डोळा लागला.

शटरांच्या खडखडाटानं जाग आली, तर डावीकडे कठडा, उजवीकडे कठडा! माझी खाट तेवढी मधे मोकळी. तिच्या लांबीएवढी वाट सोडून बाकी सगळा कठडा ठोकून झाला होता.

“मला उठवलं का नाहीस रे?”

“पहिल्याच आठवड्यात तुमच्या शेजारच्या कापडवाल्या काकांना दुपारी उठवलं होतं, बा. अजून मला प्यायला पाणी देत नाहीत.” तो दाहोदचा, पण आमची रीत बरोबर शिकला होता. जाताना म्हणाला, साहेब ही फट बुजवायला सांगणारच. मी काय, जागा मोकळी असली की बुजवणार.

तेवढ्यात हे डोळे चोळत बाहेर आले. कठडा बघितला, खाट बघितली, आणि मलाच सांगतात,

“बघ, मी म्हणत नव्हतो? दुपारी जरा पडलं की कामं होतात.”

दुसऱ्या दिवसापासून एक वाजला की खाट त्या फटीत टाकते आणि तिच्यावर ह्यांना झोपवते. देसाईसाहेब दोनदा येऊन, बघून, परत गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांनी मन लावून केलेलं हे पहिलंच काम.